विषय काढण्याचं कारण

राष्ट्राभ्यासाचं नाव निघालं की प्राध्यापक यज्ञेश्वर आजरेकरांच्या चेहऱ्यावर नासकं दूध हुंगल्यासारखा भाव यायचा. ते स्वतः राष्ट्राभ्यासच शिकवत, ही गोष्ट वेगळी.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी शिक्षण मंडळाच्या कॉलेजचे प्राचार्य तात्यासाहेब इंगवले यांना एकाएकी राष्ट्र दिसू लागलं. तोवर त्यांना फक्त दरबार दिसत असे. दरबार उरला नाही तेव्हा मुजरा आता कुणाला करायचा असा प्रश्न पडला, आणि त्या प्रश्नातून बी.ए.च्या पोरांसाठी राष्ट्राभ्यास नावाची नवी शाखा निघाली. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, वाङ्मय, तोंडी लावायला थोडं तत्त्वज्ञान, असं सगळं एकत्र. एकेका विषयाच्या कुंपणात बसून राष्ट्र कळत नाही, असं तात्यासाहेब उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले. ते खरंही होतं. पण कुंपणं काढायची कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग प्रत्येकानं आपली जुनी टिपणं काढली, ‘संस्थान’ होतं तिथं ‘राष्ट्र’ लिहिलं आणि वर्गावर गेला. रंकाळ्यावरचा भेळवालासुद्धा याहून जास्त विचार करून जिन्नस एकत्र करतो, असं आजरेकर घरी म्हणायचे. कॉलेजात ते असं म्हणत नसत. कॉलेजात ते नुसते भिवया वर करत, आणि त्या भिवयांचा सगळ्या कॉलेजला धाक होता.

त्या शाखेचं माहितीपत्रक म्हणजे आजरेकरांच्या जिवाला लागलेला घोर होता. प्रत्येक विषयाखाली चार-सहा ओळींचं वर्णन छापलेलं असे आणि ज्याचा विषय त्यानं ते लिहावं असा रिवाज होता. इतिहासाच्या बाळासो सरनोबतांनी लिहिलं होतं की वेदकाळापासून विलीनीकरणापर्यंतचा देदीप्यमान इतिहास देदीप्यमान रीतीने शिकविला जाईल. भूगोलाच्या आण्णा चौगुल्यांचं वर्णन हिमालयावरून निघून तिसऱ्याच ओळीत शिरोळच्या उसात शिरत असे आणि तिथून बाहेर पडत नसे. राज्यघटनेच्या विषयाखाली ‘घटना तयार होत असून ती तयार होताच शिकविण्यात येईल’ असं वाक्य होतं. घटना होऊन दोन वर्षं लोटली होती, देशात निवडणुका होऊन गेल्या होत्या, आणि मंडळाचं कॉलेज अजून घटना तयार व्हायची वाट बघत होतं.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात विद्यापीठानं कळवलं की ही वर्णनं जूनच्या आत अद्ययावत करावीत, विषय आठांच्या वर नसावेत, आणि एखादा विषय काढला तर त्याचं कारण लेखी द्यावं. तात्यासाहेबांनी ताबडतोब समिती नेमली. ते स्वतः, सरनोबत, चौगुले, अर्थशास्त्राचे एक गृहस्थ ज्यांचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता, आजरेकर, आणि सगळ्यांत धाकटा म्हणून इतिवृत्त लिहायला दिलदार मुजावर. धाकट्यानं लिहायचं आणि थोरल्यांनी सांगायचं, हा शिरस्ताच होता.

समितीचा आणखी एक शिरस्ता होता. तो समजल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. कॉलेजात कुठलाही ठराव मतं मोजून होत नसे. तो सर्वानुमते होई. दरबारच्या दिवसांत महाराजांच्या पुढ्यात ‘आमचं मत निराळं आहे’ असं म्हणायची सोय नव्हती, तेव्हा थोरामोठ्यांनी एक वाट काढली होती. ज्याला ठराव पसंत नसेल त्यानं पान खायला म्हणून बाहेर व्हरांड्यात जायचं. ज्ञानू शिपाई तिथं पितळी तबक मांडून बसलेलाच असे. आतले राहतील त्यांनी ठराव करायचा, मग ज्ञानूनं बाहेरच्यांना ‘झालं जी’ म्हणून सांगायचं, आणि सगळ्यांनी पुन्हा आत यायचं. कागदावर सर्वानुमते, आणि ज्याला नको होतं त्याच्या तोंडात पान. महाराज गेले, दरबार गेला, व्हरांडा राहिला.

या व्हरांड्याचा आजरेकरांना मनापासून तिटकारा होता. चुना लावता लावता सदसद्विवेक धुऊन घेणारी जमात, असं ते म्हणत. आण्णा चौगुले तर इतक्या ठरावांना पान खाऊन आले होते की त्यांचे दात लाल झाले होते ते सगळे विरोधानंच, असा आजरेकरांचा सिद्धांत होता. ते स्वतः त्या व्हरांड्यात कधी म्हणजे कधी गेले नव्हते. आत बसायचं, ताठ बसायचं आणि बोलायचं ते तोंडावर बोलायचं, हा त्यांचा बाणा. तोंडावर ते आजवर नेमकं काय बोलले होते, हे मात्र इतिवृत्तात शोधूनही सापडलं नसतं. भिवयांची नोंद इतिवृत्तात होत नाही.

आता या दिलदार मुजावरची गोष्ट. हा पोरगा, पोरगा म्हणजे तिशीतला बाप्या, हातकणंगल्याच्या शाळेत मास्तर होता. त्याला कॉलेजात आणलं ते आजरेकरांनीच. एका व्याख्यानाला ते तिकडं गेले असताना यानं त्यांना आपल्या वर्गातल्या पोरांनी आठवडी बाजारावर लिहिलेले निबंध दाखवले. कुठल्या गावची मिरची कुठं जाते, बाजारात कन्नड बोलणारा कुठं बसतो आणि तिथंच का बसतो, बांगड्या भरणारी बाई गिऱ्हाइकाशी कुठल्या भाषेत बोलते, असलं सगळं. निबंध ओबडधोबड होते. मराठी तर अशी की आजरेकरांचे दात आंबले. पण माणसानं डोळे उघडे ठेवून काहीतरी पाहिलंय एवढं त्यांना कळलं, आणि असं काही त्यांना बऱ्याच वर्षांत दिसलं नव्हतं. ‘शाळा सोडा आणि आमच्याकडे या, मी आहे,’ असं ते तिथल्या तिथं म्हणून बसले.

दिलदारनं शाळा सोडली. बायको कुलसुम आणि म्हातारे वडील लालासाब यांना घेऊन तो कोल्हापुरात आला, आणि राष्ट्राभ्यासात ‘बाजार आणि वस्ती’ नावाचा विषय सुरू झाला. हा पोरांना एस.टी.त घालून हुपरीला न्यायचा. घराघरांत चांदीचे पैंजण घडतात ते बघायचं, चांदी येते कुठून, पैंजण जातात कुठं, हातोडी धरणारा कोण आणि विकणारा कोण, हे विचारायचं, आणि परत येऊन लिहायचं. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र आणि भाषा या चारही गोष्टी ज्यात खरोखर एकत्र आल्या होत्या असा सगळ्या शाखेत हा एकच विषय. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आजरेकरांच्या आलं होतं, आणि आपल्याच एकट्याच्या आलंय याचा त्यांना आनंद होता.

आठ विषय भरलेले होते. अशात मंडळाच्या अध्यक्षांचा जावई काशीहून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन आला. त्याला बसवायला जागा हवी होती, आणि त्यानं विषयही बरोबर आणला होता, ‘राष्ट्रीय चारित्र्य’. म्हणजे आठातला एक जाणार. सरनोबतांचा इतिहास जाणार नव्हता, चौगुल्यांचा ऊस जाणार नव्हता, आजरेकरांचं वाङ्मय जाणं शक्यच नव्हतं. उरला कोण, ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दिलदारची नोकरी अजून कायम झाली नव्हती. नव्या पत्रकात विषय नसला की जूनमध्ये तोही नसणार होता. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती मात्र कुणी तोंडानं बोलत नव्हतं. या खेपेस पत्रकाच्या पहिल्या पानावर राष्ट्राभ्यासाच्या प्राध्यापकांची नावं छापायची होती, आणि ती यादी वाचताना ‘मुजावर’पाशी आले की बाळासो सरनोबत विनाकारण खाकरत. गावात पिढ्यान्‌पिढ्या सरनोबतांच्या घरी दर्ग्याच्या मुजावरांकडचा उरुसाचा मलिदा जात होता तो चालत होता, राष्ट्रात नाव आलं की यांचा घसा धरायचा.

समिती बसायच्या आधी एका संध्याकाळी दिलदार मंगळवार पेठेत आजरेकरांच्या घरी आला. खुर्चीच्या कडेला टेकून बसला. आढेवेढे त्यानं घेतले नाहीत.

“सर, हातकणंगल्याची जागा आता भरली. तिकडं परत घ्यायची न्हाईत. तुम्ही म्हणालासा म्हणून मी आलो.”

आजरेकरांना ते लागलं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले की आत राहणार नाहीत इतकी माणसं त्या व्हरांड्यात पान खातील, पण मी आत बसेन आणि तुमचा विषय जाऊ देणार नाही, हा माझा शब्द. दिलदारनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. चहा पिऊन तो गेला तेव्हा जिन्यावरून शीळ ऐकू आली.

आतून श्यामलाबाई बाहेर आल्या. आजरेकरांच्या या पत्नी मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि नवऱ्याच्या बोलण्यातलं जास्तीचं वजा करून ऐकायची त्यांना सवय होती.

“तुम्ही गप्प बसणार नाही हे खरं,” त्या म्हणाल्या. “पण बोलणार काय, ते आधी ठरवून जा.”

आजरेकरांनी हसण्यावारी नेलं. बोलायचं ते त्यांचं कधी अडलं नव्हतं.

समितीच्या बैठका सुरू झाल्या, आणि आजरेकरांचा छळ सुरू झाला. एकेक जण आपलं नवं वर्णन वाचून दाखवायचा. सरनोबतांनी एक ‘देदीप्यमान’ काढून तिथं ‘जाज्वल्य’ घातलं होतं आणि ते त्याला अद्ययावत म्हणत होते. चौगुल्यांनी उसाला ‘राष्ट्रीय पीक’ अशी पदवी दिली होती. अर्थशास्त्राच्या गृहस्थांनी पंचवार्षिक योजनेचं नाव सहा ओळींत पाच वेळा घेतलं होतं, देवाचं घ्यावं तसं, काही कळलेलं नसताना.

आजरेकरांना वाईट मराठी सहन होत नसे. कुणाला जळलेल्या भाकरीचा वास सहन होत नाही, तसं ते होतं. सरनोबतांचं वाक्य अर्ध्यावर आलं की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे. पहिल्या बैठकीत त्यांनी भिवया वर केल्या. दुसऱ्या बैठकीत न राहवून ते म्हणाले, अहो, तुम्हाला म्हणायचंय तरी काय, आणि मग सरनोबतांना जे म्हणायचं होतं, किंवा म्हणायला हवं होतं, ते दोन वाक्यांत सांगून मोकळे झाले. दिलदारनं ते लिहून घेतलं. खोलीत क्षणभर शांतता पसरली. मग तात्यासाहेब म्हणाले की वा, असं पाहिजे. सरनोबतांना राग येण्याऐवजी आनंद झाला, कारण आपण इतका खोल विचार करतो हे त्यांना तेव्हाच कळलं.

त्यानंतर रांग लागली. चौगुल्यांचा ऊस आजरेकरांनी शेतातून उचलून माणूस आणि जमीन यांच्या नात्यापर्यंत नेला. पंचवार्षिक योजनेला त्यांनी अर्थ दिला. घटना एकदाची तयार केली. ज्याला काही येत नव्हतं त्याच्याही विषयाचं वर्णन असं झालं की वाचणाऱ्याला वाटावं, या कॉलेजात शिकायला मिळायला भाग्य लागतं. आजरेकर प्रत्येक वेळी तिरस्कारानं सांगत, डोळे मिटून, हाताची बोटं नाचवत, आणि सांगून झालं की रुमालानं तोंड पुसत. या गाढवांना एक वाक्य लिहिता येत नाही, असं ते घरी येऊन श्यामलाबाईंना सांगत. ते सांगताना त्यांना भूक चांगली लागे. या लोकांची आपण कीव करतो आहोत की सेवा, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तिरस्कार करणाऱ्या माणसाचं हेच असतं. आपण फार वर बसलो आहोत असं त्याला वाटत असतं, आणि खालचे लोक त्याच्याकडून पाणी भरून घेत असतात.

शेवटच्या बैठकीला ‘बाजार आणि वस्ती’ निघाला.

दुपार होती. पंखा नव्हता, खिडकीच्या तट्ट्यांवर पाणी मारलं होतं. दिलदार दारापाशी लिहायला बसला होता. तात्यासाहेबांनी घसा साफ करून ‘राष्ट्रीय चारित्र्य’ची महती सांगितली, आणि मग हा एक विषय जरा मागं ठेवावा असं मंडळाला वाटतंय, म्हणाले. मंडळाला म्हणजे कुणाला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आण्णा चौगुले उठले. जाताना त्यांनी दिलदारच्या खांद्यावर हात ठेवला आणि व्हरांड्यात गेले. त्यांच्या मागोमाग अर्थशास्त्राचे गृहस्थही मुकाट्यानं गेले. आजरेकरांनी त्या दोघांच्या पाठीकडे असं पाहिलं की पाठीला डोळे असते तर त्यांनी ते मिटून घेतले असते. ते स्वतः खुर्चीत आणखी ताठ बसले. दिलदारनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि टाक दौतीत बुडवला.

आता कारण हवं होतं. विद्यापीठाला लेखी कारण लागत होतं.

सरनोबत म्हणाले, “हुपरी म्हंजे काय राष्ट्र हाय व्हय? पैंजण बघून काय राष्ट्र कळतंय?”

तसं लिहून चालेल का, असं तात्यासाहेबांनी विचारलं. मग सरनोबतांनी दुसरं कारण काढलं. पोरं एस.टी.नं हिंडतात, कपडे मळवून येतात, गेल्या साली हातकणंगल्यात मुजावरांच्या मावशीकडं, त्या मेहमुदाबाईंकडं, सगळी पोरं मटण जेवून आली आणि त्यात दोन जैनांची होती. तात्यासाहेब विचारात पडले. मटणाचं विद्यापीठाला कसं कळवायचं, हा प्रश्न होता. शिवाय ती दोन पोरं आपण होऊन दोनदा वाढून घेत होती अशी माहिती ज्ञानूनं दारातून पुरवली. ते कारण बारगळलं. मग तात्यासाहेबांनी स्वतः एक वाक्य सांगितलं. सदर विषय राष्ट्रीय दृष्टीने राष्ट्राच्या दृष्टीस अनुसरून नसल्याने राष्ट्राभ्यासात त्याची दृष्टी बसत नाही. ते सांगून झाल्यावर त्यांनाच ते पुन्हा सांगता येईना. सरनोबतांनी त्यात ‘जाज्वल्य’ घालून पाहिलं. तरी ते उभं राहीना.

वेळ जात चालला. घाम पुसून पुसून तात्यासाहेबांचा रुमाल ओला झाला. काही केल्या कारण सापडेना, कारण कारण नव्हतंच. जावई होता आणि एक नाव होतं, आणि या दोन्ही गोष्टी कागदावर लिहिण्याजोग्या नव्हत्या. शेवटी तात्यासाहेबांनी हात टेकले.

“असं करू या,” ते म्हणाले. “यंदा ऱ्हाऊ दे तसाच. जावयाचं पुढल्या साली बगू. विद्यापीठ उगंच आपल्याला हसायचं.”

सरनोबतांनीही मान डोलावली. त्यांना भूक लागली होती. दिलदारचा टाक कागदावर थांबला होता. बाहेर व्हरांड्यात अडकित्त्याचा आवाज येत होता. एवढ्यावर सगळे उठले असते, तर विषय राहिला असता, माणूस राहिला असता, आणि दिलेला शब्द न बोलता पाळल्याचं पुण्य आजरेकरांना फुकटात मिळालं असतं.

पण ते वाक्य आजरेकरांच्या कानात सलत होतं. राष्ट्रीय दृष्टीने राष्ट्राच्या दृष्टीस. इतका वेळ ते ऐकत होते. मटण ऐकलं, एस.टी. ऐकली, दृष्टी ऐकली. एका साध्या विषयाला काढून टाकायला या दोन पदवीधरांना एक धड कारण जुळवता येऊ नये, याची त्यांना शिसारी आली. यांना अन्यायसुद्धा नीट करता येत नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि हे वाक्य बरं जमलं असंही मनात आलं.

“अहो, कारण असं देतात होय?” ते म्हणाले. “तुम्हाला तो विषय नकोच आहे ना? मग सुशिक्षित माणसासारखं तरी सांगा.”

आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांना फक्त दाखवून द्यायचं होतं. तुम्ही किती दरिद्री आहात आणि दुष्टपणा करायलाही डोकं लागतं, एवढंच. बोटं नाचू लागली आणि वाक्यं एकामागून एक सुरळीत येऊ लागली.

‘बाजार आणि वस्ती हा विषय विद्यार्थ्यास डोळ्यांपुढे दिसणारे पाहावयास शिकवितो. राष्ट्र ही मात्र डोळ्यांपुढे दिसणारी वस्तू नव्हे. ते मनाने जोडावे लागते. ज्याने संपूर्ण चित्र अद्याप पाहिलेले नाही त्याच्या हाती प्रथमच एक तुकडा दिला, तर तो तुकड्यालाच चित्र समजण्याचा धोका असतो. सदर विषय कमी योग्यतेचा आहे असे समितीस वाटत नाही. उलट तो अधिक प्रौढ विद्यार्थ्यांच्या योग्यतेचा आहे, आणि म्हणूनच पदवीच्या पायरीवर तो अकाली ठरतो.’

त्यांनी डोळे उघडले. तात्यासाहेबांचं तोंड उघडं राहिलं होतं. सरनोबत पुढं वाकले होते. खोलीत ती जुनी, ओळखीची, गोड शांतता होती.

तेवढ्यात दाराकडून दिलदारचा आवाज आला. “सर, तुकड्यालाच चित्र समजण्याचा, त्याच्या फुडं काय म्हणालासा?”

“धोका,” आजरेकर म्हणाले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. “धोका नको. मोह करा. तुकड्यालाच चित्र समजण्याचा मोह असतो. धोका फार ढोबळ होतं.”

दिलदारनं ‘धोका’ खोडून ‘मोह’ केलं.

टाकाचा तो खर्र आवाज कानावर पडला तेव्हा कुठे आजरेकरांना, आपण कुणाला काय सांगतो आहोत, ते दिसलं. त्यांनी हात वर केला. हे उदाहरणादाखल होतं, माझं मत उलट आहे, असं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना शब्द सापडेना. तोवर तात्यासाहेब म्हणाले होते की यापुढं विद्यापीठ काय, दिल्लीचं सरकारबी बोलू शकायचं न्हाई, आणि सरनोबतांनी टेबलावर थाप मारली होती, आणि ज्ञानूनं दारातून ‘झालं जी’ असं व्हरांड्याला कळवलंही होतं. वर केलेला हात तात्यासाहेबांना संमतीचा वाटला. इतिवृत्तात मांडणारे म्हणून कुणाचं नाव घालायचं, असं दिलदारनं विचारलं. घाला की आजरेकरसरांचं, त्यांचंच तर हाय सगळं, असं तात्यासाहेब मोठ्या मनानं म्हणाले. दिलदारनं घातलं आणि पुढं लिहिलं, सर्वानुमते.

आण्णा चौगुले पान चघळत आत आले. काय झालं ते त्यांनी सरनोबतांकडून ऐकून घेतलं, आजरेकरांकडे पाहिलं, आणि पुन्हा बाहेर जाऊन पिंक टाकून आले. ती पिंक आजरेकरांनी ऐकली. ज्या माणसाला ते इतकी वर्षं व्हरांड्यातला भित्रा म्हणत आले, त्याचा निदान हात यात नव्हता. आण्णा भित्रा होता तो होताच. पण भित्र्यानं फक्त पान खाल्लं होतं.

बैठक उठली. आजरेकर दिलदारला गाठायला घाईघाईनं जिन्यापाशी गेले. तो कागद सारखे करत उभा होता. त्यांनी सांगायला सुरुवात केली. आपल्याला त्यांचा मूर्खपणा उघडा पाडायचा होता. विषय राहणारच होता, पण अशा मूर्खपणानं राहिला असता तर त्यात काय मान होता. आपण तात्यासाहेबांना भेटू, मंडळाला लिहू, श्यामला म्हणते तिच्या शाळेत कुणाशी तरी बोलून बघता येईल. श्यामलाबाई तसं काही म्हणाल्या नव्हत्या. वाक्यं येत होती पण एकाला दुसऱ्याचा आधार नव्हता, आणि ती सरनोबतांच्या वाक्यांसारखी होत चालली आहेत, हेही त्यांना ऐकू येत होतं.

दिलदारनं सगळं ऐकून घेतलं. तो रागावलेला दिसत नव्हता. शाळा सोडून तो कोल्हापुरात आला होता तो ज्या माणसाच्या शब्दावर, त्याच माणसाचे शब्द त्यानं आत्ता स्वच्छ अक्षरात उतरवून घेतले होते. घरी जाऊन कुलसुमला काय सांगायचं याचा तो विचार करत असावा, किंवा म्हाताऱ्याला घेऊन आता कुठल्या गावी बिऱ्हाड करायचं याचा.

“न्हाई सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “खरं सांगू का, लिहिताना मलाबी पटत गेलं. म्हटलं, बरोबर हाय की हे. असला विषय ठेवायचा तरी कशाला.”

आजरेकरांनी त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो असता तर त्यांना धरायला काहीतरी मिळालं असतं. टोमणा नव्हता. तीन वर्षं पोरांना हुपरीच्या गल्ल्यांतून हिंडवणारा हा माणूस, तो विषय ज्यानं स्वतः उभा केला होता, तो खरोखर विचारात पडला होता की आपण इतके दिवस तुकड्यालाच चित्र समजत होतो की काय.

दिलदार कागद घेऊन कचेरीकडे गेला. आजरेकर कठडा धरून एकेक पायरी उतरू लागले. आता लाज वाटेल, असं त्यांना वाटलं, आणि ती वाटलीही. घरी पोचेपर्यंत ती चांगलीच वाढली, आणि रात्री जेवणही गेलं नाही. पण त्या जिन्यावर, लाज वाटायच्या आधी, ‘मलाबी पटत गेलं’ हे ऐकून त्यांना बरं वाटलं होतं.